सात नंबरचा आवाज

अकोल्याच्या देवमन इंगळ्यांकडे एक पॉवर अँप विकायला आहे, हे मूर्तिजापूरपासून अमरावतीपर्यंत गिटार धरणाऱ्या बहुतेक पोरांना ठाऊक झालं होतं. आणि तो कोणालाच मिळत नाही, हेही. मोबाइलवरच्या जाहिरातीत भाव इतका कमी, की वाचणाऱ्याला आधी शंकाच यावी. तरी पोरं यायची. देवमन त्यांना बसवायचे, वाजवून पाहा म्हणायचे, पोटभर वाजवू द्यायचे आणि शेवटी काहीतरी खुसपट काढून रिकाम्या हाती परत पाठवायचे.

खुसपटं काढण्यात ते आता चांगलेच तरबेज झाले होते. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. ओम आणि वॅट हे विजेच्या मापाचे शब्द साठीनंतर कानावर पडले. पण येणाऱ्या पोरांच्या तोंडून ऐकून ऐकून ते आता पोरांनाच शिकवायला लागले. एकाला म्हणाले, तुया स्पीकरचे ओम जुळत नाहीत, जळून जाईन. मोर्शीच्या विपुलला म्हणाले, तू मैदानात वाजवतो, तुले हा पुरत नाही. त्याच्यामागून आलेल्याला म्हणाले, तू खोलीत वाजवतो, याहून लहान पाह्य, शेजारी मारतीन. अँप तोच, पण कोणाला अपुरा आणि कोणाला जास्तीचा. म्हातारा सटकला आहे, असं म्हणत पोरं जिना उतरायची.

म्हातारा सटकला नव्हता. त्याला अँप विकायचाच नव्हता. त्याला वाजवणारे हात पाहिजे होते.

सामान सगळं ललितचं. ललित हा देवमन आणि इंदूबाईंचा एकुलता एक मुलगा. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. जयंतीच्या दिवसांत त्याला घरी जेवायलाही सवड नसायची. दोन वर्षांपूर्वी कार्यक्रमाहून परतताना बाळापूरच्या रस्त्यावर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. पाठीवरची गिटार त्याच्यासोबतच गेली. मागच्या खोलीत राहिला तो त्याचा मॉडेलर, पॉवर अँप आणि स्पीकरची पेटी. मॉडेलर म्हणजे पायानं चालवायचं एक चपटं यंत्र. त्यात नाना तऱ्हेचे आवाज बनवून नंबरानं साठवता येतात, पण त्याला स्वतःचा दम नसतो. तो आवाज स्पीकरमधून खोलीभर करायचा तर मध्ये पॉवर अँप लागतो.

मॉडेलरमधला सात नंबरचा आवाज ललितनं घरासाठी बनवला होता. इंदूबाईंना अर्धशिशीचा त्रास. गिटारची किणकिण त्यांना सोसायची नाही. म्हणून त्यानं आईला दारात उभं केलं आणि "आता कसं वाटते? अन् आता?" असं विचारत, कित्येक दिवस एकेक बटण फिरवत, मऊ, दबलेला, मागं जरासा घुमणारा एक आवाज जमवला. संध्याकाळी तो ऐकू आला की ललित घरी आहे, हे इंदूबाईंना उठून बघावं लागत नसे.

देवमननी एकदा उसनी गिटार आणून स्वतःच तारा छेडून पाहिल्या. इंदूबाईंनी कानांवर हात ठेवले. त्यानंतर देवमनना जाहिरातीची युक्ती सुचली. आलेल्या पोराला ते आधी सात नंबरवर पाय ठेवायला लावायचे. पहिला सूर निघाला की इंदूबाई हातातलं टाकून यायच्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. त्या दिवशी त्या दोन घास जास्त खायच्या, आणि देवमनना तेवढं पुरायचं.

एका दुपारी अमरावतीहून प्रियदर्शनी आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची पोरगी, पाठीला गिटार, एस.टी.नं आलेली. "जयभीम काका," म्हणाली आणि खालीच बसली.

"तुले कायले पाह्यजे अँप?" देवमननी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"स्टेजवर साउंडवाला माझा मॉडेलर सरळ मोठ्या स्पीकरले जोडून देते, काका. लोकायले ऐकू जाते, मलेच जात नाही. मांगं आपला एक स्पीकर पाह्यजे. नवा अँप परवडत नाही. मंडपवाल्याचा जुना पाह्यला, तं त्याच्या पंख्याचा आवाजच गाण्याहून मोठा. अन् उचलाले दोन माणसं लागतात."

देवमननी ओम विचारले, जुळले. वजन झेपेल का विचारलं, गर्दी किती जमते ते विचारलं. सगळं बरोबर बसलं. म्हाताऱ्याची पंचाईत झाली. "हे खालचं यंत्र विकायचं नाही, फक्त अँप," एवढं सांगून त्यांनी सात नंबर दाखवला.

पोरीनं लग्नात गातात तशी एक संथ चाल धरली, आणि देवमन जागच्या जागी बसून राहिले. आजवरची पोरं ताकद दाखवायला वाजवत. ही हळू वाजवत होती, अगदी ललित वाजवायचा तशी. इंदूबाई दारात आल्या. त्यांनी डोळे मिटले होते. देवमनना भरून आलं. आजवर त्यांनी कोणाला पाण्याखेरीज काही विचारलं नव्हतं. आज म्हणाले, "चहा घेऊन जाय बेटा," आणि दूध आणायला कोपऱ्यावर गेले. इंदूबाई चूल बघायला आत वळल्या.

दूध घेऊन परतताना जिन्यातच देवमनना गिटार ऐकू आली. आवाज लख्ख होता, कडक होता, पार जिन्यापर्यंत पोचत होता.

"काका, यात एक चूक होती," प्रियदर्शनी खुशीत म्हणाली. "यंत्रातला नकली स्पीकर चालू होता, अन् बाहेर हा खरा स्पीकर. एकावर एक. म्हणून आवाज कांबळं पांघरल्यावानी येत होता. तो बंद केला, घुमणं काढलं, धार वाढवली. यंत्र तुमीच ठेवणार म्हणता, तं म्हटलं नीट करून द्यावं. सेव्ह बी करून देलं."

दुधाची पिशवी देवमनच्या हातातच होती. "पहिलेसारखं होईन का?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं ना, काका. पहिलेचं पुसलं."

"काय काय फिरवलं, याद हाये?"

"बरंच फिरवलं. आता नाही सांगता येणार." तिचा चेहरा उतरला. "काहून, चांगला नाही वाटत?"

बरोबरच होतं तिचं. ज्याला गिटार कळते त्याला ती चूकच दिसली असती. देवमन म्हणाले, "चांगला हाये. लय साफ हाये."

प्रियदर्शनीनं पुन्हा तारा छेडल्या. इंदूबाई दारापर्यंत आल्या, क्षणभर ऐकलं आणि परत गेल्या.

चहा झाल्यावर देवमननी स्वतःच्या हातानं वायरी सोडवल्या आणि अँप तिच्यापुढे ठेवला. "घेऊन जाय."

"खरंच देता? पोरं म्हणत होते, तुमी देतच नाही."

"तुले सगळं जुळते," देवमन म्हणाले. तिला एस.टी.पर्यंत पोचवून ते घरी आले, तेव्हा इंदूबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"पोरगी चांगली वाजवते," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, आलाच. मंग दुसऱ्या नंबरवर गेली, अन् परत सातवर आलीच नाही. तिले फिरून बोलवा."

देवमन त्यांच्यासमोर खाली बसले.

"अँप कुठी हाये?" इंदूबाईंनी विचारलं. मागच्या खोलीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. "देला? अन् मंग आता..." त्या थांबल्या. "तो सातच होता का?"

"सातच होता."



"तिले सांगतलं तं नाही ना?"

"नाही."

"नका सांगू. लेकरू जिवाले लावून घेईन," इंदूबाई म्हणाल्या, आणि दोन वर्षांपूर्वी ललितला घरी आणलं त्या दिवशी रडल्या होत्या तशा रडायला लागल्या.