झिजलेला ‘ना’

मी शिक्का बोलतोय. लाकडी मुठीचा, रबरी पोटाचा. तुम्हाला घाई असेल तर खुशाल पुढे जा, मी रागावणार नाही. उभं आयुष्य रांगेसमोर काढलंय, तेव्हा ताटकळलेली माणसं मला नवी नाहीत.

माझ्या पोटावर चार अक्षरं होती : नामंजूर. मला स्वतःला ती कधी वाचता आली नाहीत. एक तर शाळा नाही, त्यात अक्षरं उलटी. पण शिक्के बनवणाऱ्याने मला पहिल्यांदा कागदावर टेकवलं आणि मोठ्याने वाचलं, म्हणून कळलं. त्याच रबराच्या उरलेल्या तुकड्यातून त्याने माझा धाकटा भाऊ काढला. त्याच्या पोटावर तीनच अक्षरं : मंजूर. रबर वाया गेलं नाही म्हणून शिक्केवाला फार खूश होता.

आम्ही दोघे आरोग्य योजनेच्या कार्यालयात नोकरीला लागलो. तिथली रीत साधी. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, चिठ्ठीचा अर्ज होतो, अर्ज आमच्या टेबलावर येतो. इथून तो बिलं भागवणाऱ्या शाखेत जातो आणि मग कुणाला चष्मा, कुणाला कुबडी, कुणाला नवा गुडघा मिळतो. खर्च सरकारचा. मध्ये आम्ही दोघे भाऊ.

आमचा कारकून माणूस वाईट नव्हता. फॉर्ममधले रकाने मात्र तो असे निरखायचा, की नवरी बघायला आलेली मंडळीही निरखणार नाहीत. एक रकाना मोकळा दिसला की त्याचा उजवा हात आपोआप माझ्याकडे वळे. नजर खाली, हात माझ्यावर. माझं पोट त्याने कधी पाहिलं नाही. आणि मारायची सवय तिरपी, आधी डावी कड आपटायची, मग उरलेला मी टेकायचो. डाव्या कडेला माझा ‘ना’.

भाऊ खणात टाचण्यांशेजारी पडून असायचा. महिन्या-दोन महिन्यांनी त्याला शाई लागायची. पुढे पुढे त्याचं रबर कडक झालं, त्याला भेगा पडल्या. आपल्याला कुणी हातात घेत नाही हे त्याने मनाला लावून घेतलं असावं.

मी माणसांचे चेहरे बघायचो. मी उमटलो की कुणी कागदाच्या आठ घड्या घालायचं. कुणी तो उलटा करून मागे बघायचं, जणू मागच्या बाजूला काहीतरी बरं लिहिलं असेल.

असेच एक घड्याळजी आले. वय सत्तरीच्या पुढे. चाळीस वर्षं घड्याळ कानाला लावून त्याचं दुखणं ओळखलेलं, आणि आता कानच संपावर गेलेले. चालू घड्याळ त्यांना बंद वाटे आणि बंदही बंदच वाटे. गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली होती. सुनेने हट्टाने कानाच्या यंत्राचा अर्ज भरायला लावला. यंत्र मिळालं नाही तर दुकान भाड्याने द्यायचं, असं घरात ठरलं होतं.

आता आमच्याकडचा नियम ऐका. अर्जदाराचं नाव तीनदा पुकारायचं. तीन हाकांत ‘हजर’ म्हटलं नाही, तर गैरहजर धरून अर्ज नामंजूर. सोबतच्या माणसांनी दाराबाहेर थांबायचं.

घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाखाली बाकावर बसले. शिपायाने तीनदा पुकारलं. घड्याळजी शांतपणे समोर बघत होते. मी उमटलो.

सून आत आली आणि कारकुनाला विचारू लागली, माणूस तर इथेच बसलाय, मग गैरहजर कसा?

“हजर असते तर हाक ऐकली असती ना, बाई.”

“हाक ऐकू आली असती तर इथे कशाला आलो असतो, भाऊसाहेब?”

कारकुनाने विचार केला, आणि मग नवा फॉर्म दिला.

दुसऱ्या खेपेला शेजारच्या बाईने त्यांना कोपराने ढोसलं, पण तोवर तिसरी हाक होऊन गेली होती. तिसऱ्या खेपेला ते शिपायाच्या ओठांकडे टक लावून बसले. नेमकी त्याला सर्दी झालेली, तोंडावर रुमाल. कारकुनाने कारण लिहिलं, नजर वर न करता मला उचललं आणि हाणलं. सून आत आली, तिने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि सासऱ्यांना हाताला धरून घाईघाईने बाहेर नेलं. कागदाच्या घड्या घातल्या नाहीत, हे मला जरा विचित्रच वाटलं.

महिन्याभरात त्यांच्या कानात यंत्र बसलं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं ते तपासणीचे साहेब आले तेव्हा.

साहेबांनी कार्यालयाची प्रत वाचली. “कारण, तीनदा पुकारूनही गैरहजर. निर्णय, मंजूर. म्हणजे आला नाही म्हणून बक्षीस दिलं का?”

साहेबांनी मला उलटं केलं. “याचा ‘ना’ कुठे गेला?”

“झिजला, साहेब.”

“कशाने?”

“कामाने.”

माझ्या जागी नवा शिक्का आणावा असा अर्ज त्याच टेबलावर लिहिला गेला. कारकुनाने सवयीने त्याच्यावर मलाच मारलं. तो ताबडतोब मंजूर झाला.

घड्याळजींना मात्र पत्र गेलं. सुनावणीला या, येताना यंत्र आणा, ते परत घ्यायचं की नाही हे ठरेल.

त्या दिवशी मी पुरावा म्हणून टेबलावर होतो. शिपायाने पहिली हाक दिली आणि घड्याळजी “हजर” म्हणत उभे राहिले. शिपायाने आणखी दोन हाकांसाठी छाती भरून घेतली होती, ती तशीच राहिली.

साहेब म्हणाले, “तुम्हाला तर उत्तम ऐकू येतंय.”

“येतं, साहेब.”

“मग यंत्र कशाला हवं?”

घड्याळजींनी ते कानातून काढलं आणि हळूच माझ्याशेजारी ठेवलं. “आता विचारा.”

साहेबांनी विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि आपण कितव्या हाकेवर आलोय हे ध्यानात येऊन ते मिटलं. घड्याळजी त्यांच्याकडे प्रसन्न चेहऱ्याने बघत होते.

यंत्र पुन्हा कानात गेलं. मग घड्याळजी जरा संकोचून म्हणाले, “एक सांगू का? तुमचं भिंतीवरचं घड्याळ लंगडतंय. एक ठोका वेळेवर पडतो, दुसरा रेंगाळतो. पाच मिनिटांचं काम आहे.”

सगळ्यांनी कान टवकारले. इतकी वर्षं टांगलेलं ते घड्याळ कार्यालयाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खरंच लंगडत होतं.

साहेबांनी जुनं कारण खोडलं, वर ‘हजर’ लिहिलं आणि न बघता हात पुढे केला. “शिक्का.”

कारकुनाचा हात सवयीने उजवीकडे गेला. तिथे नवा बसला होता, कोऱ्या धारदार ‘ना’चा. कारकुनाने तो उचललाही, आणि थबकला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने शिक्का उलटा केला आणि ओठ हलवत वाचला. खाली ठेवला. मग खणातून माझ्या भावाला काढून रद्दी कागदावर दाबलं. नुसता डाग पडला. बिचाऱ्याच्या भेगांत शाई ठरेना.

शेवटी त्याने मला घेतलं. मलाही वाचलं. आणि साहेबांच्या हातात दिलं.

मी उमटलो. तीनच अक्षरं, पण स्वच्छ.

आता मी खणात भावाशेजारी असतो. वर भिंतीवरचं घड्याळ सरळ चालतंय. कारकून हल्ली प्रत्येक वेळी शिक्का उलटा करून बघतो, त्यामुळे रांग हळू सरकते आणि लोक कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

जाता जाता एकच विनवणी. माझा ‘ना’ हरवलेला नाही. तो हजारो कागदांवर कणाकणाने लोकांच्या घरी गेलाय, आठ घड्यांत, गाद्यांखाली, ट्रंकेच्या तळाशी. तुमच्याकडे त्यातला एखादा कण असेल, तर तो मला परत आणून देऊ नका. नवा फॉर्म घेऊन या.