पंचवीस तारखेच्या आत

ते निळं आंतरदेशीय पत्र सोळा वर्षांपूर्वी आलं होतं आणि त्रिंबकरावांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. हरवलं असतं तर एक वेळ सुटले असते. पण त्यांनी ते आपल्याच हातांनी विजेच्या बिलांच्या फायलीत लावलं होतं, त्यामुळं दर महिन्याला नवं बिल लावताना ते डोळ्यांसमोर येई. मग फाईल लगबगीनं मिटायची आणि महिनाभर गप्प राहायचं.

पत्र नऊ ओळींचं. 'सर, सीईटीच्या मार्कांवर औरंगाबादला बीडीएसला नंबर लागतोय. एमबीबीएस सहा मार्कांनी गेलं. मामा म्हणतात, दाताच्या डॉक्टरला कोण विचारतं, वर्षभर थांब आणि परत परीक्षा दे. आई म्हणते, मिळालं ते घे. मला काही सुचत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन. पंचवीस तारखेच्या आत कळवायचं आहे. तुमची विद्यार्थिनी, तुळजा.'

'तुमची विद्यार्थिनी' हे शब्द वाचले की त्रिंबकरावांना घाम फुटे. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. माजलगावजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शाळेत ते पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत. पुस्तकं वाचत भरपूर, पण वाचलेल्यातलं चार माणसांत बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटे.

ती गोष्ट दुष्काळातली. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला आणि धरणात बुडालेल्या गावांच्या भिंती उघड्या पडल्या. ऊस वाळला, कारखान्याचा भोंगा बंद झाला. दूध संघानं जनावरांसाठी छावणी उघडली, आणि अक्षर चांगलं म्हणून संघाच्या अर्जुनरावांनी त्रिंबकरावांना तिथलं रजिस्टर लिहायला बोलावून घेतलं. मोठ्या जनावराला पूर्ण चारा, लहानाला निम्मा. कोण मोठं, कोण लहान, हे दातांवरून ठरायचं. त्रिंबकरावांना जनावरांची भीती वाटायची. मालक जबडा उघडून धरायचा आणि हे चार हात लांबून चष्म्याआडून बघायचे.

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी रजिस्टर उघडलं आणि डोक्याला हात लावला. "मास्तर, या अकरा गाया एकदम म्हाताऱ्या कशा काय झाल्या?"

"मी मास्तर नाही," त्रिंबकराव सवयीनं म्हणाले. "वरचे दात पडलेत त्यांचे. सगळ्यांचेच."

दावणीवर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "बे बंकट, तुझी गाय कवळी बसवून आण!" त्रिंबकरावांचे कान लाल झाले. तेवढ्यात कडब्याच्या पेंढीवर पुस्तक घेऊन बसलेली एक सावळी, काटकुळी मुलगी उठून आली.

"सर, गाईला वरचे म्होरचे दात नसतेतच. तिथं नुस्ती हिरडी असती. वय खालच्या दातांवरनं बघायचं." तिनं एका खोंडाचा ओठ अलगद खाली ओढला. "ह्यो बघा, दोनदाती. अडीच वर्साचा आसंल. मोठ्यात धरा."

ही तुळजा. चकलांब्याच्या आश्रुबांची मुलगी. बाप मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला, आणि आई साखराबाई दोन बैल, एक गाय, एक कालवड घेऊन छावणीत राहिलेली. तुळजानं बारावी सायन्सची परीक्षा दिली होती आणि मे महिन्यात सीईटी द्यायची होती.

त्या दिवसापासून ती दात बघून सांगायची आणि हे लिहायचे. तिसऱ्या दिवशी तिच्याच कालवडीची पाळी आली. साखराबाईंनी कालवड पुढं केली. "लिवा मास्तर, मोठी हाय."

तुळजानं कालवडीचं तोंड उघडून बघितलं आणि बंद केलं. "आदत हाय. एक बी पक्का दात न्हाई. लहानात लिवा, सर."

"आगं ए बये! घरच्याच जित्राबाच्या तोंडचा चारा काढती व्हय? त्यो बंकट बग, वासराला बैल म्हून लिवून घेतो!"

"त्याचं बी मी उद्या उघडून बघणार हाय."

साखराबाई कपाळावर हात मारून घेत हसू दाबत निघून गेल्या. त्रिंबकरावांनी 'लहान' असं लिहिलं. त्या शब्दाकडं ते बराच वेळ बघत राहिले. या मुलीसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे असं त्यांना वाटलं, आणि असं वाटण्याची सवय नसल्यामुळं ते घाबरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या कपाटातून प्रश्नसंचांची तीन पुस्तकं आणली. शास्त्र त्यांना येत नव्हतं. पण प्रश्न वाचता येत होता, चार पर्याय वाचता येत होते आणि मागच्या पानावरचं उत्तर जुळवून बघता येत होतं. दुपारी जनावरं रवंथ करत बसली की हिरव्या जाळीच्या सावलीत हे वाचायचे आणि ती शेण भरता भरता उत्तरं द्यायची. 'मायटोकाँड्रिया' म्हणताना ते इतके अडखळायचे, की शेवटी तीच म्हणायची, "राहू द्या सर, कळलं."

त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली, आणि ती मात्र अगदी ठामपणे. तरुणपणी त्यांनी बँकेची परीक्षा दिली होती. तिथं चुकलेल्या उत्तराचे गुण कापत. त्यांनी वीसेक प्रश्न अंदाजानं ठोकून दिले, होते ते गुणही गेले, आणि थोडक्यात नापास झाले. तेव्हापासून जन्मात अंदाज करायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"येत नाही ते सोडून द्यायचं, तुळजा. कोरं ठेवायचं. ठोकून द्यायचं नाही."

"पर सर, ढोराचं वय बी अंदाजच असतो की."

"तिथं तू तोंड उघडून बघतेस. इथं कुणाचं उघडणार?"

ती खदखदून हसली आणि तिनं ते मानलं. नंतर एखाद्या प्रश्नाला अडली, की स्वतःच म्हणायची, "सोडला." त्रिंबकरावांना अभिमान वाटे.

परीक्षेचं केंद्र बीडला होतं. रोज सकाळी जनावरांची हजेरी होई, म्हणून साखराबाईंना हलता येईना. आश्रुबांना निरोप पोचला नव्हता. "मास्तर, तुमीच न्या," असं म्हणून साखराबाईंनी भाकरी बांधून दिली. वडवणीमार्गे एसटीनं दोघं गेली. वाटेत तुळजा डोळे मिटून पुटपुटत होती आणि त्रिंबकराव तिची पिशवी मांडीवर सांभाळत बसले होते, जणू त्यांचीच परीक्षा होती.

पहिला पेपर भौतिक आणि रसायनचा. घंटा झाली, फाटक बंद झालं. बाहेर निंबाखाली आईबापांची गर्दी बसली होती. शेजारी गेवराईकडचे एक प्राथमिक शिक्षक होते. ते कुणालातरी सांगत होते, "पोराला बजावून पाठवलंय. येवो न येवो, एकही गोल मोकळा सोडू नको. मार्क कापत नाहीत."

त्रिंबकरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माफ करा. मार्क कापत नाहीत?"

"नाही हो. माहितीच्या पुस्तिकेतच छापलंय."

पुस्तिका तुळजाकडं होती. ती इंग्रजीत होती, आणि त्रिंबकरावांनी ती एकदाही नीट वाचली नव्हती. आयुष्यभर हाती येईल ते वाचलं आणि नेमकं वाचायचं तेच राहिलं. ते उठून फाटकाशी गेले, शिपायासमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि परत येऊन बसले.

मधल्या सुट्टीत तुळजा बाहेर आली ती हसतच. "सर, चांगला गेला! चौदा सोडले फकस्त. तुमी म्हणल्यागत, ठोकून एक बी दिला न्हाई."

त्यांच्या हातात सोललेलं केळं होतं. "खा," ते म्हणाले.

"तुमाला काय झालं? ऊन लागलं का?"

"नाही, नाही. तू खा."

तासभर वेळ होता. त्या तासात त्रिंबकरावांनी एक वाक्य मनात वीस वेळा जुळवलं. आत्ता सांगितलं तर जीवशास्त्राचा पेपर तरी पुरा भरेल. पण मग विचारेल, पहिल्या पेपरातल्या चौदांचं काय? पोरगी खचेल, पेपर बिघडेल, असं त्यांनी मनाला समजावलं. मनाला ते पटलं नाही, पण घंटा झाली.

"येते सर."

"तुळजा."

"काय?"

"पाण्याची बाटली घेतलीस का?"

"घेतली," ती म्हणाली आणि आत पळाली.

संध्याकाळी बाहेर येऊन तिनं सांगितलं, "आता नऊच सोडले." चौदा आणि नऊ तेवीस. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. इकडं त्रिंबकराव मनात गणित करत होते. चार पर्यायांतला एक बरोबर. डोळे मिटून ठोकलं असतं तरी तेवीसातले पाच-सहा बरोबर आले असते.

जुलैत निळं पत्र आलं. 'एमबीबीएस सहा मार्कांनी गेलं.' त्रिंबकरावांनी उत्तराचे सात कच्चे मसुदे केले. प्रत्येकात पुष्कळ मजकूर होता, फक्त मधल्या सुट्टीची गोष्ट नव्हती. आणि ती न सांगता सल्ला द्यायचा म्हणजे चोरानंच कुलूप कसं लावावं ते सांगण्यासारखं. ते उद्या लिहू, उद्या लिहू करत राहिले आणि पंचवीस तारीख निघून गेली.

यंदा परत छावण्या पडल्या. त्रिंबकराव आता बहात्तर वर्षांचे. माजलगावच्या बाजारात भाजी घेत होते, तर मागून हाक आली, "मास्तर! वळखलं का?"

साखराबाई. केस पांढरे झाले होते, पण आवाज तसाच, दावणीच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा. नात्यातल्या लग्नाला आल्या होत्या. तुळजा गेवराईत दातांचा दवाखाना चालवते, दोन लेकरं आहेत, हे त्यांनी एका दमात सांगितलं. "लई गर्दी असती. परवा एक जण म्हशीची दाढ काढा म्हून आलता. ती म्हणली, म्हशीला खुर्चीत बसवा, काढते."

त्रिंबकराव हसले आणि हसतानाच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तिचं पत्र आलं होतं मला. तेव्हा."

"ठावं हाय की. पोस्टमन दिसला की पळत जायची. चोवीस तारखेला रडली. मी म्हणलं, कावून रडती? मास्तर इसरलं आसंल. तर म्हणली, न्हाई आये, सर इसरत न्हाईत. सरच म्हणलेते, येत न्हाई त्ये सोडून द्यायचं. सरांना बी येत नसंल." साखराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मग मीच म्हणलं, जा औरंगाबादला. फोन लावून देऊ का तिला?"

"नको," त्रिंबकराव चटकन म्हणाले. "मी लिहितो."

"लिवा. पर या खेपंला धाडा बरं का," असं म्हणून त्यांनी कमरेच्या पिशवीतून दवाखान्याचं कार्ड काढून दिलं.

घरी येऊन त्यांनी फाईल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला, विमलबाईंना, सगळं सांगितलं, मधल्या सुट्टीसकट. विमलबाई लसूण सोलत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला वाटतंय, की त्या पोरीचं अख्खं आयुष्य तुमच्या एका वाक्यानं वळलं?"

"वळलंच ना."

"आणि अभ्यास कुणी केला? शेण भरता भरता? अहो, घरात साधी भाजी कोणती आणायची ते तुम्हाला ठरवता येत नाही, आणि निघालात लोकांची नशिबं फिरवायला!"

"मग लिहू नको का?"

"लिहा की. पोरीला सोळा वर्षं ताटकळत ठेवलंय. पण चूक कबूल करताना स्वतःला फार मोठं करू नका, एवढंच." त्यांनी लसणाची टोपली बाजूला सारून नवऱ्यापुढं कागद ठेवला.

मायन्यातच अर्धा तास गेला. 'चि. तुळजा' लिहावं तर ती डॉक्टर, 'डॉक्टर' लिहावं तर परकी वाटते. शेवटी त्यांनी नुसतं 'तुळजा' लिहिलं आणि पुढं एका दमात लिहीत गेले.

'बीडला मधल्या सुट्टीत मला कळलं होतं की मार्क कापत नाहीत. मी तुला सांगितलं नाही. तू घाबरशील म्हणून नव्हे, मला लाज वाटली म्हणून. तुझे सहा मार्क त्या तेवीसांतच गेले का, हे मला माहीत नाही आणि आता कुणालाच कळणार नाही. पण तुला ते माहीत असायला हवं होतं.

'तुझ्या आईकडून कळलं, की सरांना उत्तर येत नसेल असं तू म्हणालीस. येत होतं. पत्र वाचलं त्याच दिवशी येत होतं. बीडीएस घे, असंच मी लिहिणार होतो. छावणीत तू शेकड्यानं जनावरांची तोंडं उघडलीस, आणि मारक्या बैलानंसुद्धा तुझ्या हातात मान दिली. हे मी चार हातांवरून पाहिलं होतं. ज्याला असा हात आहे त्यानं दुसरं काही कशाला शोधायचं? हे मी पंचवीस तारखेच्या आत लिहायला हवं होतं. उशीर झाला. तुला राग आला तर तो रास्त आहे. आला नाही, तर एकदा येऊन तुझा दवाखाना बघावा असं वाटतं.'

त्यांनी पत्र वाचलं. 'मला लाज वाटली' या शब्दांवर पेन थबकलं, खोडायला टेकलंसुद्धा. विमलबाई समोरून बघत होत्या. त्रिंबकरावांनी न खोडताच पेनला टोपण लावलं.

पेटीत टाकलं तर परत काढता येत नाही, पण टाकायच्या आधी घरी परत मात्र नेता येतं, हे स्वतःबद्दल ठाऊक असल्यामुळं ते पेटीकडं गेलेच नाहीत. थेट पोस्टात शिरले. खिडकीमागच्या मुलीनं पाकीट घेतलं.

"साधं का रजिस्टर, काका?"

"साधं."

तिनं तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट गेवराईच्या गठ्ठ्यात टाकलं. त्रिंबकराव तिथंच उभे होते. मागच्या माणसानं खाकरलं.

"अजून काही आहे का, काका?"

"नाही," ते म्हणाले. "उद्या पोचेल का?"

"परवा."

"परवा चालेल," त्रिंबकराव म्हणाले आणि बाजूला झाले.