नदीपलीकडचं तापमान

मी न्हावी. हातात वस्तरा आला की तोंडही चालू होतं, त्याला इलाज नाही. नदीपलीकडच्या आमच्या गावात पेपर येतो तो फक्त माझ्या दुकानात.

पेपरात रोज देशाचा हवामानाचा नकाशा असतो. तो नदीपर्यंत येऊन थांबायचा. पुढे आमचा अख्खा मुलूख हवा, तिथे गादीची जाहिरात! आमच्या डोक्यावर गादी पसरून कोणी बाई वर्षानुवर्षं खुशाल झोपलेली. गिऱ्हाइकं त्या गादीवर पेनाने आमचं हवामान लिहायची. 'आज धुकं. सुताराला स्वतःचा जिना सापडेना.' सगळं हसण्यावारी चाललं होतं.

मग नातीने शाळेत देशाचा नकाशा काढला आणि नदीपाशीच संपवला. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "पेपरात एवढाच आहे." घरी येऊन मला विचारते, "आजोबा, मग आपण कुठे राहतो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप ठोकलं आणि जुन्या पेपरांचा गठ्ठा काखेत मारून शहरात निघालो. बायको म्हणाली, "भांडू नका हं."

"भांडायलाच चाललोय!"

संपादक सज्जन निघाला, हीच पंचाईत. म्हणाला, "एवढा नकाशा कॉलमात मावत नाही हो. आणि तिकडे आपले वाचक कितीसे?"

"दारच उघडलं नाहीत तर पाहुणे येणार कुठून? देश जरा बारीक करा. मी रोज डोकी बारीक करतो, कोणी मेलं नाही अजून."

तो गठ्ठा चाळायला लागला. गादीवरचं आमचं हवामान वाचून आधी खो खो हसला, मग टेबलाचा खण उघडून म्हणाला, "तापमापक देतो. रोज संध्याकाळी फोन कराल?"

"अर्धी दाढी सोडून करीन!"

आणि आठवड्याभरात पेपर आला. नदी, पलीकडे डोंगर, आणि डोंगराखाली आमचं गाव, नावासकट! दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. सुतार गालाला फेस तसाच ठेवून रस्त्यावर ओरडत सुटला. नातीने तर पेपर नाकालाच लावला होता. मला रडू आलं, लपवू कशाला?

तेवढ्यात किराणावाला तणतणत आत घुसला. "चौतीस? काल माझ्या दुकानात गूळ वितळला, आणि चौतीस?"

बघतो तर खरंच! मी छत्तीस कळवले होते, छापले चौतीस. लगेच फोन लावला. मी बोलायच्या आत किराणावाल्याने तो हिसकावला आणि संपादकाची अशी हजेरी घेतली की विचारू नका. "आमच्या गावाबद्दल वाट्टेल ते छापता?"

मी कसाबसा फोन परत घेतला. "साहेब, रागावू नका. इतकी वर्षं तुमची चूक काढायलासुद्धा आम्ही पेपरात नव्हतो."

संपादक मनापासून हसला. "उद्या दुरुस्ती छापतो," म्हणाला.

मी ते मोठ्याने सांगितलं, आणि अख्ख्या दुकानाने टाळ्या वाजवल्या.