अहो, जरा मीठ आणता का?

मी बर्ड फीडर बोलतोय. हसू नका. लाकडी अंगाचा, हिरव्या छपराचा, पक्ष्यांना टेकायला दोन दांड्या असलेला. दुकानात माझ्यासारखा देखणा दुसरा नाही, असं दुकानदार म्हणायचा. अर्थात तो सगळ्यांबद्दलच तसं म्हणायचा.

एके दिवशी काका आले, काचेचा फीडर परत करायला. त्याआधी पत्र्याचाही परत करून झाला होता. "एक पक्षी फिरकला नाही हो!" ते तणतणत होते. "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमची ही खिडकीशी पडून असते. पक्षी तरी बघेन म्हणते. एवढं साधं मागणं, तेही मला जमू नये?"

मग निवड सुरू झाली. मुलीसाठी स्थळ बघावं तसं काकांनी मला पाहिलं. छप्पर वाजवलं, दांडी ओढली, उलटा करून बूड तपासलं.

"कोणते पक्षी येतात तुमच्याकडे?" दुकानदाराने विचारलं.

"आधी येऊ तर देत! हा गळणार नाही ना?"

"नाही पटला तर महिनाभरात बदलून देतो."

हे मला मुळीच आवडलं नाही. माघारी आलेला काचेचा बिचारा कुजबुजला, "माणूस सोन्यासारखा आहे रे. पण जागचा हलत नाही."

परसात टांगल्यावर त्याचा अर्थ कळला. काका सकाळी दाणे भरायचे आणि काठी घेऊन माझ्याशेजारीच उभे राहायचे. खार आली, हाकल. कावळा आला, हाकल. चिमण्यांना मात्र प्रेमाने हाका, "या गं बायांनो, या!" त्या आवाजाने कुंपणावरच्या चिमण्या थेट पलीकडच्या गल्लीत. अहो, यजमानच काठी घेऊन उभा असेल तर जेवायला कोण बसणार?

काकूंना खिडकीतून हे दिसत होतं. पण सांगणार कसं? माणूस इतक्या मायेनं उन्हात उभा. मग त्या हळूच म्हणायच्या, "अहो, जरा मीठ आणता का?" काका फाटकाबाहेर पडले की माझ्यावर ही झुंबड! काकू उशीवरून मान उंचावून खुदुखुदु हसायच्या. काका परतले की सगळं चिडीचूप. घरात मीठ मात्र ठेवायला जागा उरली नाही.

महिना संपत आला. एका सकाळी काकांनी मला काढून पिशवीत कोंबलं. "हाही करंटा निघाला!" मी करंटा? रागाने नुसता धुमसत होतो मी. पण फीडरचं ऐकतो कोण?

"अहो, थांबा!" खिडकीतून काकू ओरडल्या. "पक्षी येतात. रोज येतात."

"कधी?"

"तुम्ही मीठ आणायला जाता तेव्हा."

काकांचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे… ते सगळं मीठ…"

"हो. तुमचं मन मोडवेना. आता आत या बघू. माझ्याजवळ बसून बघा."

काकांनी मला परत टांगलं, काठी भिंतीला टेकवली आणि आत जाऊन खाटेच्या कडेला बसले. थोड्या वेळाने एक चिमणी आली, मग तिच्या मैत्रिणी. काकांनी तोंडावर हात दाबून धरला होता, पण डोळे भरून आलेले मला दिसले.

आता मी इथलाच झालोय. छपराचा रंग उडालाय, एक दांडी खारीने कुरतडलीय. तक्रार नाही. तुम्ही फीडर घ्यायला निघालात तर एवढंच ऐका माझं: कुठलाही घ्या, पण टांगून झाला की घरात जा.

परवा ते सगळं मीठ खरोखरच संपलं. काकू म्हणाल्या, "अहो, जरा मीठ आणता का?"

काका दचकले. "का गं? गप्पच बसलोय की मी!"

आणि जागचे हलले नाहीत. त्या दिवशी दोघंही अळणी जेवले.