डब्लिन किती लांब

अमरनाथरावांनी चष्मा पुसला आणि मोबाइल पुन्हा मुलीच्या हातात दिला.

“परत बघ बरं. दुसरं एखादं विमान असंल.”

शिवांगीनं परत बघितलं. हैदराबादहून डब्लिनला थेट विमान नव्हतंच. मधे एकदा उतरून, थांबून, पंधरा-सोळा तास लागत होते. उदगीरच्या मोंढ्यात अमरनाथरावांची धान्याची आडत होती आणि घासाघीस करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण हे तास काही केल्या खाली येईनात.

लातूरच्या व्यंकटरावांचा सत्यम डब्लिनला नोकरीला होता. मुलगा निर्व्यसनी, पत्रिका जुळलेली, शिवांगीलाही तो मनापासून आवडलेला. बापाचा होकार तेवढा अडला होता, आणि तो आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता.

“पंधरा तास ते, वर हैदराबादहून इथवर पाच,” अमरनाथराव म्हणाले. “पोरीला आठवण आली तर तिनं काय करावं? मला काय झालं तर ती कवा पोचणार? न्हाई. एवढ्या लांब लेक देणं माझ्यानं न्हाई होणार.”

एकुलती एक लेक; तिच्यावर त्यांचा फार जीव होता. शिवांगीनं मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला आणि ती आत गेली.

शिवकांताबाई सुपात ज्वारी निवडत होत्या. नवऱ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

“भोकर किती लांब हाय हो?”

“कोणतं भोकर?”

“माझं माहेर.”

“असंल तीन तास. का?”

“न्हाई, इचारलं. आई सहा महिने अंथरुणावर होती. तवा किती खेपा झाल्या माझ्या?”

अमरनाथराव जरा घुटमळले. “तवा सोयाबीनचा सीझन होता.”

“हाव, होता की. तुमी म्हणलात, पुढच्या आठवड्यात जाऊ. मी थांबले. आईला थांबता आलं न्हाई.”

बाईंच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर अमरनाथरावांना बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देण्याची त्यांना सवय होती. ते मोबाइल उलटसुलट करू लागले.

“उद्या जाऊ की भोकरला,” शेवटी ते म्हणाले. “सकाळीच निघू.”

“आता कोणाला भेटायला?”

सूप उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. अमरनाथरावांना आपली लाज वाटली, आणि ती कुणाला सांगावी हे कळेना. मग त्यांनी लातूरला फोन लावला.

“बोला, अमरनाथराव!” व्यंकटराव म्हणाले. “अंतराचं लई मनावर घेऊ नका. विमानात जेवून झोपलं की आलंच गाव.”

“अंतराचं न्हाई. एक इचारायचं होतं. पोरीला माहेरी यावं वाटलं, तर तिला कोणाची परवानगी लागंल?”

व्यंकटराव मोकळेपणानं हसले.

“असं काय इचारता? घरात इचारल्याबिगर बाईमाणूस निघतंय का कुठं? तुमच्या घरी न्हाई का इचारत?”

शिवकांताबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. अमरनाथरावांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“इचारते,” ते म्हणाले. “म्हणूनच इचारायलोय.”