फक्त चेन बदल

मी पान्याला फक्त चेन बदल म्हटलं होतं. हे मी आजही ठणकावून सांगते, कारण अर्ध्या नातेवाइकांची अशी समजूत आहे की अख्खी सायकल खोलायला मीच सांगितलं.

पान्या माझा धाकटा भाऊ. लहानपणी हातातला पाना सुटायचा नाही म्हणून बाबांनीच हे नाव पाडलं. आता कानशिलं पांढरी झाली तरी घरात त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. राहतो लांब आणि तिथून फोनवर उंटावरून शेळ्या हाकतो. बाबांना बदाम दे, कोडी घाल, त्यांच्याशी बोलत राहा. बोलत राहा म्हणे! दिवसभर बोलून माझ्या घशाला कोरड पडते आणि शेवटी बाबा अदबीने विचारतात, "आपण कुणाकडे आलात?"

बाबांचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललंय. मी कोण, हे त्यांना रोज नव्याने सांगावं लागतं. शर्टाची बटणं मी लावते. एकच गोष्ट ते आपली आपण करायचे. सकाळी जिन्याखालची सायकल काढायची, दोन्ही हातांनी धरून गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत न्यायची आणि तशीच परत आणायची. बसायचे नाहीत, नुसती ढकलायचे. सायकलशिवाय बाहेर पडले तर दुसऱ्या वळणावर हरवतात. सायकल हातात असली की मात्र बरोब्बर घरी. हे कसं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. "चालतायत तोवर चालू द्या, एकदा अंथरूण धरलं की उठवणं कठीण," एवढंच ते म्हणाले. बाबा गल्लीत असताना माझी आंघोळ उरकायची आणि मी खिडकीत केस पुसत त्यांना परत येताना बघायचे. दिवसातून तेवढा वेळ मला बाप आहे असं वाटायचं.

सायकल जाड टायरची, डोंगरात चालवायची. बाबा वायरमन होते. डोंगरातले विजेचे खांब तपासायला साध्या सायकली टिकेनात, म्हणून त्यांनी ही घेतली. अशा सायकली तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या. पान्या चढ चढायला शिकला तोही हिच्यावरच. अलीकडे तिची गंजलेली चेन ढिली पडून मागच्या चाकात अडकायला लागली होती. गल्लीच्या मधोमध चाक जाम व्हायचं आणि बाबा हँडल धरून तिथेच उभे राहायचे, रडवेल्या तोंडाने. मी ओल्या केसांनी धावत सुटायचे. शेवटी पान्याला म्हटलं, तू सुट्टीवर येतोयसच, तर एक चेन घेऊन ये.

आला तो सायकलच्या भागांचं भलंमोठं खोकं घेऊन. दारात बाबांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "पान्या, वाळलास रे!"

खरं सांगू, माझा तिळपापड झाला. रोज न्हाऊमाखू घालणारी मी परकी, आणि वर्षातून एकदा उगवणारा हा बरोबर आठवला. पण पान्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला, तेव्हा माझा राग उतरला.

दुसऱ्या दिवशी त्याने चेन बदलली आणि गल्लीत चक्कर मारली. पायडलवर जोर दिला की चेन दात सोडून कटकन पुढे सरकायची.

"मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलचे दात झिजलेत, ताई," तो म्हणाला. "जुनी चेन आणि जुने दात बरोबरीने झिजतात, एकमेकांना सांभाळून घेतात. नवी चेन त्यांच्यावर बसत नाही."

"अरे, पण बाबा पायडल मारतच नाहीत. ढकलतात."

"मग काय जन्मभर ढकलतच राहायचं त्यांनी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला बाबांना सायकलवर बसवायचं होतं. दारात एकदा नाव आठवलं, तेवढ्यावर याने इमले बांधले होते.

मग ते काम मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं. फ्रीव्हील नवं बसलं, तर पुढचं चेनव्हील चेन गिळायला लागलं. चेनव्हील काढलं, तर आतला आस डुगडुगत होता आणि छर्रे खडबडीत झाले होते. ब्रेकची रबरं दगड झाली होती, तारा गंजून आवळल्या होत्या, सीट उसवली होती. दर वेळी तो झिजलेला भाग माझ्या हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "तूच सांग, हे ठेवू?" मला दिसत होतं की तो भाग ठेवण्यासारखा नाही. याचं काही चुकत असतं तर मी तोंड सोडलं असतं, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण तो दर वेळी बरोबर होता.

हँडलच्या मुठींवरून मात्र मी अडून बसले. "त्या तेवढ्या राहू दे रे."

त्याने मला डावी मूठ दाखवली. अंगठ्याच्या जागी रबर झिजून आतली नळी उघडी पडली होती आणि तिची कड धारदार झाली होती. "बाबांची कातडी बघ, कागद झालाय कागद. हात कापला तर?"

मुठीही गेल्या. रंगाला मात्र त्याने हात लावला नाही. "मूळचा आहे, जपायला हवा," म्हणत मऊ फडक्याने पुसत बसला. सायकल झळकत होती. मलाही ती आवडली, खोटं कशाला बोलू. जुने भाग खोक्यात भरून त्याने दाराबाहेर ठेवले, ते कचऱ्याच्या गाडीने नेले.

सकाळी आम्ही दोघं हौसेने जिन्याशी उभे राहिलो. बाबा आले, सायकल धरली. डावा अंगठा मुठीवर फिरला, थांबला, पुन्हा फिरला. त्यांनी सायकल ढकलली. पूर्वी ती कुरकुरायची, आता मुकाट चालली. चार पावलांवर ते थबकले आणि त्यांनी हँडल सोडून दिलं. पान्याने सायकल पडता पडता धरली.

"ही कुणाची?"

"तुमचीच बाबा."

"थट्टा करू नका. माझी कुठंय?"

त्यांनी जिन्याखाली पाहिलं, दारामागे पाहिलं. मग गल्लीत शोधायला निघाले, रिकाम्या हातांनी. मी अनवाणी मागे धावले. वळणावर गाठलं. मला म्हणाले, "बाई, माझं घर कुठंय?"

आधी रोज शोधलं त्यांनी. मग विचारायचं सोडलं. मग सकाळी उठायचंच सोडलं. पाठीखाली हात घालून बसवावं, तर पुन्हा आडवे. डॉक्टर म्हणाले होते ते डोळ्यांसमोर घडत होतं, आणि घरात दोन धडधाकट माणसं नुसती बघत होती.

पान्याने सुट्टी वाढवली. कचरा डेपोवर जाऊन त्या जुन्या मुठींसाठी ढीग उपसून आला. तिथल्या माणसाने त्याची कीव येऊन स्वतःचे हातमोजे दिले, तरी हात कापलाच. मग तो नव्या मुठीला पॉलिश पेपरने घासत बसला. धडधाकट वस्तू मुद्दाम झिजवणारा मेकॅनिक मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"ताई, अंगठा नेमका इथे होता ना? की आत?"

मी डोळे मिटून आठवायला गेले. रोज खिडकीतून बघत होते मी तो हात. पण आठवेना. "असेल बाबा तिथेच," म्हटलं. इतकी चीड आली होती मला, आणि काढायची कुणावर?

मुठीला खळगा पडला. पान्याने एक नट सैल करून कुरकुरही आणली. दोघांनी मिळून बाबांना उठवलं आणि खांद्याला धरून जिन्याशी आणलं. त्यांनी अंगठा मुठीवर ठेवला. मग हात हळूच काढून घेतला.

"साहेब," ते पान्याला म्हणाले, "सायकल चांगली आहे हो तुमची. पण ही माझी नव्हे."

"बाबा, अहो मी..." पान्या म्हणायला लागला.

बाबांनी त्याच्या हाताची पट्टी बघितली आणि त्याचा हात थोपटला. "तुम्ही कशाला एवढा त्रास करून घेता? माझा मुलगा आहे ना, पान्या. सायकलीतलं त्याला सगळं कळतं. त्याला तेवढा निरोप द्या. तो आला की शोधून देईल."

पान्याने माझ्याकडे पाहिलं.

"देतो निरोप," तो म्हणाला.

बाबांचा चेहरा निवळला. ते पायरीवर टेकले आणि गल्लीच्या टोकाकडे बघू लागले. थोड्या वेळाने सरकून त्यांनी शेजारी जागा केली. पान्या तिथे बसला, आणि दोघं मिळून पान्याची वाट बघू लागले.