झरोक्यावरची काच

दार हलेना. काचवाल्याने आधी हाताने ढकललं, मग खांद्याने, मग लाथेने. "ताई! अगं ए ताई!" आतून हूं नाही की चूं नाही. बाहेर छान ऊन पडलं होतं, बाह्या वर सारून तो कामावरून जेवायला घरी आला होता, आणि तरी पाठीवरून गार घाम उतरत होता. दाराखालच्या फटीत आतून जुनं ब्लँकेट कोंबलेलं दिसत होतं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईच्या माघारी तिनेच त्याला लहानाचा मोठा केला, आणि तो बाप्या होऊन काचा बसवायला लागला तरी तिच्या लेखी 'धाकट्या'च राहिला. बाई तशी खमकी, कुणाच्या बापाला न भिणारी. पण हातात मोबाइल आला आणि एका हवामानवाल्याने तिला पार वेड लावलं. लाल-निळ्या नकाशापुढे उभा राहून हा गृहस्थ दोन महिने आधीच शतकातली सगळ्यात भयंकर थंडी जाहीर करायचा, तीही तारखेनिशी. नळ फुटतील, माणसं झोपेतच गारठतील, काय वाटेल ते. गेल्या वर्षीही त्याने हेच सांगितलं होतं, आणि गेल्या वर्षी ताईचे लोकरी मोजे कपाटातून बाहेरसुद्धा निघाले नव्हते.

"अगं, परवा ढग येतील का हे सांगताना शहाणी माणसं दहादा विचार करतात," काचवाला म्हणायचा. "आणि हा बाबा दोन महिन्यांनंतरची तारीख देतो! थंडीने काय तिकीट काढून ठेवलंय?"

"हस तू. मी गारठून मेले म्हणजे कळेल."

तिच्या समाधानासाठी त्याने खिडकीला दुहेरी काच बसवली, दाराच्या कडांना रबर लावलं. मग ताई झरोक्यावर घसरली. "तिथून वारं येतं रे. तेवढा बुजव." झरोका हीटरसाठी होता. गॅसचा हीटर पेटतो त्या खोलीत हवेला वाट ठेवावीच लागते, नाहीतर माणूस गुदमरतो, हे तो गिऱ्हाइकांना स्वतः बजावून सांगायचा. पण ताईची भुणभुण ऐकून त्याचे कान किटले होते. थंडी पडणारच नाही, तर हीटर पेटणार कशाला? त्याने मापात काच कापली आणि झरोक्यावर पक्की बसवून टाकली. वर आपल्या हुशारीवर खूशही झाला.

"काय झालं हो?" आरडाओरडा ऐकून शेजारची शिवणवाली धावत आली. "सकाळी तर बोलल्या माझ्याशी. आज ती तारीख ना, म्हणाल्या, थंडी यायच्या आत खोली तापवून ठेवते."

काचवाल्याला झरोक्यावरची काच आठवली.

तो धावत मागच्या खिडकीशी गेला. काच आतून वाफेने धुरकटली होती. पलीकडे हीटरची लाल धग दिसत होती, आणि खाली जमिनीवर शालीत गुंडाळलेलं गाठोडं. ते गाठोडं हलत नव्हतं. त्याने कामाच्या पिशवीतली हातोडी काढून उगारली. पहिली काच फुटली. दुसरी फुटेना. घरच्या माणसासाठी म्हणून त्याने जाडातली जाड निवडली होती. ताई मेली, मीच मारली, एवढंच डोक्यात घण घालत होतं. तो वेड्यासारखा घाव घालत सुटला आणि काच फुटली तेव्हा आतली कोंदट, जड हवा तोंडावर आली. श्वास रोखून तो आत उतरला. हाताला काच लागली तेही त्याला कळलं नाही. त्याने हीटर बंद केला, दाराची कडी काढली, ब्लँकेट लाथाडलं आणि ताईच्या काखेत हात घालून तिला फरफटत अंगणात आणलं.

ती किती हलकी झाली होती! कधी झाली एवढी हलकी?

शिवणवाली अँब्युलन्सला फोन करत होती. काचवाला ताईचे गाल थोपटत होता, हाका मारत होता, लहानपणी कधी रडला नसेल इतका रडत होता. "ताई, डोळे उघड गं. तू म्हणशील ते खरं, पण डोळे उघड."

बऱ्याच वेळाने तिला उचकी आली. मग ती भडाभडा ओकली. तिने डोळे किलकिले केले आणि त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या दातावर दात आपटत होते, हातापायांना कापरं भरलं होतं.

"किती कापतोयस रे, धाकट्या," ती तुटक तुटक म्हणाली. "पडली ना थंडी?"

उन्हाने तापलेल्या अंगणातल्या फरशीचा चटका बसत होता. एरवी तो काहीतरी बोलला असता.

"पडली, ताई."

"मी सांगत होते." तिने चाचपडत स्वतःच्या अंगावरची शाल ओढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. "घे. आजारी पडशील."